जकात कॅल्क्युलेटर: बेरीज चोख, प्रश्न अपुरे

रमजान जवळ आला की जकात, म्हणजे मुसलमानाने मालमत्तेतून दरवर्षी द्यायचं बंधनकारक दान, मोजून देणारी तीन तऱ्हेची साधनं फोनवर फिरू लागतात. पहिली म्हणजे परदेशी संस्थांच्या संकेतस्थळांवरची एकपानी कॅल्क्युलेटर. दुसरी, नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपमधला ‘जकात’ नावाचा कप्पा. तिसरा, मशिदीत वाटला जाणारा किंवा व्हॉट्सॲपवर येणारा छापील तक्ता, ज्यात रकाने आपणच पेनने भरायचे. तिन्हींचं काम एकच: वर्षभर शिल्लक राहिलेल्या जकातपात्र मालमत्तेची बेरीज करायची, देणी वजा करायची, उरलेलं निसाबाच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या, वर असेल तर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, सांगायचा.

बेरीज तिघांचीही चोख आहे. चूक होते ती बेरजेच्या आधी. माणसाला काय विचारायचं, हे ज्याने ठरवलं त्याच्यावर उत्तर अवलंबून असतं, आणि बहुतेक कॅल्क्युलेटर महत्त्वाचे प्रश्न न विचारता परस्पर उत्तर धरून चालतात. त्यामुळे इथे ॲपची सजावट सोडून फक्त प्रश्नच तपासले आहेत. गुण द्यायचे तर छापील तक्त्याला पाचपैकी साडेतीन, ॲपला दोन, परदेशी एकपानीला दीड.

सुरुवात तोळ्यापासून करू, कारण आपल्याकडे सगळ्यात महाग पडणारी चूक तीच आहे. उर्दू पुस्तकांतून आणि छापील तक्त्यांतून निसाब लिहिलेला असतो ‘साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी’. हा तोळा जुना आहे, १८३३ साली कंपनी सरकारने ठरवलेला १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. त्याप्रमाणे सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम. पण आज कुठल्याही सराफाकडे तोळा म्हटलं की १० ग्रॅम. कॅल्क्युलेटरमध्ये ‘तोळा’ हे एकक निवडायची सोय असेल तर आधी त्यात १ तोळा टाकून ग्रॅममध्ये काय दिसतं ते बघा. १० दिसलं आणि निसाब मात्र ७.५ तोळेच लिहिलेला असेल, तर त्या कॅल्क्युलेटरचा निसाब ७५ ग्रॅमवर आला. जिच्याकडे ८० ग्रॅम सोनं आहे आणि दुसरं काहीच नाही, तिला हनफी पंथाच्या हिशेबाने जकात लागू नाही, पण हे यंत्र तिच्याकडून अडीच टक्के मागेल. चांदीचं तेच: ६१२.३६ च्या जागी ५२५ ग्रॅम धरले जातात.

परदेशी कॅल्क्युलेटरांत ८५ ग्रॅम सोनं आणि ५९५ ग्रॅम चांदी दिसेल. ती चूक नाही. मूळ माप २० मिस्काल सोनं आणि २०० दिरहम चांदी, मिस्काल ४.२५ ग्रॅमचा धरला की ८५ येतात, आपल्याकडच्या उलेमांनी धरलेल्या ४.३७४ ग्रॅमने ८७.४८ येतात. फरक किरकोळ आहे. गडबड भावात होते. ही संकेतस्थळं आंतरराष्ट्रीय बाजाराचा भाव औंसात घेतात आणि रुपयांत बदलून दाखवतात. भारतातला भाव त्यावर आयात शुल्क चढून ठरतो, त्यामुळे दोन्ही आकडे जुळत नाहीत. शिवाय सोन्याचा औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो, किराणा मालाचा २८.३५ ग्रॅमचा, रूपांतरात चुकून दुसरा वापरला गेला की भाव जवळजवळ १० टक्क्यांनी फुगतो. छापील तक्ता इथे जिंकतो, तो निव्वळ अडाणीपणामुळे: त्यात भावच नसतो. ‘आजचा भाव’ असा रिकामा रकाना असतो आणि माणसाला सराफाला फोन करावाच लागतो.

सराफाला विचारायचा तो मोडीचा भाव. दुकानातून नवा दागिना घेताना लागणारा भाव नव्हे. मजुरी आणि जीएसटी मालमत्तेत धरायचे नसतात. २२ कॅरेटचा दागिना २२ कॅरेटच्याच भावाने मोजायचा. कुंदन, खडे, मोती, पोतीतले काळे मणी यांचं वजन वजा करायचं. खऱ्या हिऱ्यावरही जकात नाही, जोपर्यंत तो विकायला घेतलेला नाही. तपासलेल्या साधनांपैकी एकाही ॲपमध्ये ‘निव्वळ वजन’ असा वेगळा रकाना आढळला नाही. ‘सोनं, ग्रॅममध्ये’ एवढंच. ज्याने पावतीवरचं एकूण वजन टाकलं त्याचा कुंदनाचा हार खड्यांसकट सोन्याचा झाला.

आता खरा मुद्दा, मसलक, म्हणजे धर्मनियमांचा पंथ. महाराष्ट्रात घाटावर बहुतांश मुसलमान हनफी आहेत, कोकणात शाफई. दोन्हींचा जकातीचा हिशेब इतका वेगळा आहे, की मसलक न विचारणारं कॅल्क्युलेटर दोहोंपैकी एकांना चुकीचं उत्तर देणारच. एक उदाहरण घेऊ. भाव मुद्दाम गोल धरले आहेत, म्हणजे पडताळा सोपा जाईल: २२ कॅरेट सोन्याचा मोडीचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये, शुद्ध सोनं १०,०००, चांदी ग्रॅमला १०० रुपये. एका बाईकडे रोज किंवा सणावारी वापरायचे ६० ग्रॅम निव्वळ वजनाचे दागिने आणि बचत खात्यात ४०,००० रुपये आहेत. कर्ज नाही.

हनफी हिशेब: दागिने वापरातले असले तरी जकातपात्र. सोनं ५,४०,०००, रोख ४०,०००, एकूण ५,८०,०००. सोन्यासोबत रोकड असल्यामुळे दोन्हींची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडायची, तो या भावाने ६१,२३६ रुपये. जकात लागू, अडीच टक्के म्हणजे १४,५०० रुपये.

शाफई हिशेब: बाईने अंगावर घालण्यासाठी ठेवलेले, रिवाजाला धरून असलेले दागिने जकातीतून सुटतात. उरली ४०,००० रोकड, ती चांदीच्या निसाबापेक्षाही कमी. जकात शून्य. मात्र हीच सूट सोन्याच्या नाण्यांना आणि बिस्किटांना नाही, आणि गुंतवणूक म्हणून लॉकरात टाकलेल्या दागिन्यांनाही नाही. ‘दागिने’ आणि ‘नाणी-बिस्किटं’ असे दोन रकाने नसतील तर शाफई माणसाने ते कॅल्क्युलेटर बंद करावं.

आणि तिसरं उत्तर परदेशी एकपानी देतं. त्यात बऱ्याचदा निसाब सोन्याचा धरलेला असतो: ८५ ग्रॅम गुणिले १०,०००, म्हणजे साडेआठ लाख. ५,८०,००० त्याखाली, म्हणून शून्य. मिरजेतल्या हनफी बाईला ‘तुम्हाला जकात लागू नाही’ असा हिरवा संदेश येतो. पैगंबरांच्या काळात एक दिनार, म्हणजे एक मिस्कालाचं सोन्याचं नाणं, सुमारे दहा दिरहमांचा होता, त्यामुळे २० दिनार आणि २०० दिरहम हे दोन्ही निसाब जवळपास सारखेच होते. आता वरच्या भावाने एक दुसऱ्याच्या चौदापट आहे. कुठला निसाब धरला हे कॅल्क्युलेटरने ठळक सांगायलाच हवं. बरेचसे ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सांगतात.

याच उदाहरणात एक बारकावा आहे, जो एकाही यंत्राला नीट जमत नाही. बाईकडे ६० ग्रॅम सोनंच असतं आणि रोकड, चांदी, विक्रीचा माल यातलं काहीच नसतं, तर हनफी हिशेबाने निसाब सोन्याच्या वजनावर तपासला असता. ६० हे ८७.४८ पेक्षा कमी, म्हणून जकात नाही. गरजेपलीकडची थोडीशी रोकड किंवा चांदीचे पैंजण जोडीला आले, की हिशेब किमतीवर जातो आणि जकात लागू होते. पैंजणाच्या जोडाने साडेतेरा हजारांची जकात उभी राहते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण नियम तसा आहे.

आणखी एक गोष्ट जवळपास सगळी ॲप चुकवतात: जकात माणशी असते, घरटी नाही. ‘तुमच्या कुटुंबाकडे किती सोनं आहे?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. मेहेरमध्ये आलेलं आणि माहेरून आलेलं सोनं बायकोचं, त्याची जकात तिच्यावर. नवऱ्याने तिच्या वतीने भरली तर चालते, पण तिला सांगून, आणि हिशेब तिच्याच नावाने वेगळा. मुलांच्या नावावरच्या मालमत्तेत पुन्हा मसलक येतो. शाफई मतानुसार अज्ञान मुलाच्या मालमत्तेवरही जकात आहे, पालकाने ती भरायची. हनफी मतानुसार नाही. मुलीच्या लग्नासाठी आई सोनं जमवत असेल, तर ते अजून आईच्याच मालकीचं की मुलीला देऊन टाकलेलं, हे ठरवावं लागतं. नुसतं ‘हिच्यासाठी ठेवलंय’ म्हटल्याने मालकी बदलत नाही. जकात आईवर राहते.

दुकानदारासाठी यंत्रांचा उपयोग आणखी कमी. एका किराणा दुकानदाराचे आकडे घेऊ. माल ४,२०,००० चा, जकातीच्या दिवशी बाजारात जे येतील त्या किमतीने. खरेदीची किंमत इथे कामाची नाही. उधारी ९०,०००, त्यातली २०,००० बुडीत. खात्यात १,१०,०००, त्यात बँकेने टाकलेलं व्याज २,०००. भिशीत बारा जण, दरमहा ५,०००, आठ हप्ते भरून झाले, नंबर अजून लागलेला नाही. घाऊक व्यापाऱ्याचे १,५०,००० द्यायचे. घराचं कर्ज २४ लाख बाकी, महिन्याचा हप्ता २२,०००, पुढच्या बारा महिन्यांच्या हप्त्यांत मुद्दल ६०,०००.

भिशीचा रकाना कुठल्याही ॲपमध्ये नाही, परदेशी पानात तर असणारच नाही. हिशेब मात्र सरळ आहे. नंबर लागला नसेल तर भरलेले हप्ते म्हणजे इतरांना दिलेलं कर्ज, ते येणं म्हणून धरायचं: ४०,०००. नंबर तिसऱ्याच महिन्यात लागून ६०,००० हातात आले असते, तर आठव्या महिन्याअखेर भरायचे राहिलेले चार हप्ते, २०,००० रुपये, देणं म्हणून धरले असते. ॲपमध्ये हे अनुक्रमे ‘येणी’ आणि ‘देणी’ या रकान्यांत बसवा.

बँकेचं व्याज वजा करायचं, ते जकातीच्या हिशेबात येत नाही. ते पुण्याच्या अपेक्षेशिवाय गरजूला देऊन टाकायचं, आणि ते दिलं म्हणून जकात फिटली असं होत नाही. तेव्हा हनफी हिशेब असा: माल ४,२०,०००, वसूल होणारी उधारी ७०,०००, खातं १,०८,०००, भिशी ४०,०००, बेरीज ६,३८,०००. त्यातून व्यापाऱ्याचे १,५०,००० आणि कर्जाच्या वर्षभराच्या मुद्दलाचे ६०,००० गेले. उरले ४,२८,०००. जकात १०,७०० रुपये.

‘एकूण कर्ज’ असा एकच रकाना असलेल्या कॅल्क्युलेटरमध्ये हा माणूस २४ लाख टाकतो आणि उत्तर उणे येतं. वीस वर्षांनी फेडायचं कर्ज आज वजा करून दरवर्षी जकात शून्य करत राहणं आजच्या बहुतेक उलेमांना मान्य नाही; वर्षभराची मुद्दल वजा करायची, आणि काही जण तर फक्त लगेचचा हप्ता वजा करू देतात. पुढच्या हप्त्यांतलं व्याज देणं म्हणून धरायचं नाही. उलट टोकाला शाफई मत आहे. तिथे प्रबळ मतानुसार कर्जामुळे जकात थांबत नाही, म्हणून काहीच वजा होत नाही: ६,३८,००० वर १५,९५० रुपये. म्हणजे एकाच दुकानदाराची शून्य, १०,७०० आणि १५,९५० अशी तीन उत्तरं, आणि तिन्ही वेळा पडद्यावर तेच शांत हिरवं वर्तुळ. दुकानातला फ्रीज, वजनकाटा, रॅक, डिलिव्हरीची स्कूटर यांवर कोणत्याच मताने जकात नाही. ‘व्यवसायाची किंमत’ विचारणारा रकाना ते सगळं ओढून घेतो.

घराचे रकाने बहुतेक ठिकाणी बरे आहेत. राहतं घर नाही, भाड्याने दिलेलं घर नाही, साठलेलं भाडं मात्र आहे. प्लॉट विकायच्या इराद्यानेच घेतला असेल तर पूर्ण बाजारभावाने. ‘बघू पुढे, बांधू नाहीतर विकू’ असा घेतला असेल तर नाही. शेअरना एकच रकाना असतो, तो अपुरा आहे: खरेदी-विक्रीसाठी घेतलेल्यांची पूर्ण बाजारकिंमत धरायची, लाभांशासाठी वर्षानुवर्षं ठेवलेल्यांत कंपनीची रोकड, माल आणि येणी यांचा आपल्या वाट्याचा भाग, कारण कारखान्याच्या इमारतीवर आणि यंत्रांवर जकात नसते. पीएफमधली सक्तीची कपात हातात येईपर्यंत अनेक हनफी मुफ्ती जकातपात्र धरत नाहीत. स्वतःहून भरलेली जादा रक्कम आणि पीपीएफ यांची मुद्दल धरतात. मुंबईतलं हेवी डिपॉझिट कुठे टाकायचं, यावर एकमत नाही, आपल्या मुफ्तींना विचारून एकदाच ठरवून घ्यावं.

तारखेचा प्रश्न छोटा वाटतो, पण वर्षानुवर्षं साचतो. जकातीचं वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. दुकानदाराला ३१ मार्चचा ताळेबंद सोयीचा, म्हणून तो त्याच तारखेला अडीच टक्के काढतो, आणि दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे पडतो. तेहतीस वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाते. इंग्रजी तारीखच धरायची असेल तर दर २.५७७ टक्के. वरच्या दुकानदाराला १०,७०० ऐवजी ११,०३० भरावे लागतील. हा दर बदलायची सोय एखाददुसऱ्या परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये आहे, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं कौतुक. मात्र ‘वर्षभरातली सरासरी शिल्लक’ विचारणारं पान दिसलं तर मागे फिरा. हनफी नियमात वर्षाच्या सुरुवातीला निसाब आणि शेवटी निसाब, एवढंच बघतात. मधे शिल्लक खाली-वर झाली तरी फरक पडत नाही, पार शून्यावर गेली तरच वर्ष नव्याने सुरू होतं.

शेतीसाठी कुठलंही कॅल्क्युलेटर वापरू नका. पिकाचा हिशेब उश्रचा, म्हणजे पिकावरच्या जकातीचा: पावसावरच्या पिकाला दहावा हिस्सा, पाणी देऊन घेतलेल्याला विसावा, आणि तो सुगीच्याच वेळी, वर्ष पुरं व्हायची वाट न बघता. अबू हनीफांच्या मते आंब्यावरही उश्र आहे. शाफई मतानुसार तो फक्त साठवून खाता येणाऱ्या मुख्य धान्यांवर, तसंच खजूर आणि द्राक्षांवर. म्हणजे रत्नागिरीच्या शाफई बागायतदाराला पेट्यांवर काही लागत नाही, विकून आलेला पैसा वर्षभर राहिला तर त्यावर नेहमीची जकात.

फितऱ्याचा, म्हणजे रमजान ईदला माणशी द्यायच्या दानाचा, रकाना बहुतेक ॲपमध्ये शोभेपुरता. एक जागतिक आकडा, गुणिले घरातली माणसं. हनफींना गव्हाचा अर्धा साअ (धान्याचं जुनं माप), म्हणजे सुमारे १.६३३ किलो, म्हणून लोक पावणेदोन किलोची किंमत धरतात. खजूर, मनुका किंवा जव यांनी काढायचा तर पूर्ण साअ, याच्या दुप्पट. पैसे दिले तरी चालतात. शाफईंना भागात खाल्लं जाणारं धान्य एक साअ, कोकणात तांदूळ, माणशी सुमारे अडीच किलो, आणि धान्यच द्यायचं. ईदच्या नमाजापूर्वी पोहोचला पाहिजे.

उत्तर आलं की ॲप लगेच ‘आत्ता दान करा’ हे बटण पुढे करतं. इथे दोन गोष्टी बघा. निधी गोळा करणाऱ्या काही मंचांवर देणगीच्या वर ‘टिप’ आधीच भरून ठेवलेली असते. ती जकात नव्हे, सरकपट्टी शून्यावर ओढा. दुसरं, पैसा शेवटी गरजू माणसाच्या मालकीचा होतो का. मशीद बांधणं, बोअरवेल, कबरस्तानची भिंत यांत जकात चालत नाही, कारण तिथे मालक होणारं माणूस नाही. ती कामं सदक्याची, म्हणजे ऐच्छिक दानाची, आणि वक्फची. मोबाइल नंबर आणि नाव मागून मगच हिशेब दाखवणाऱ्या ॲपला तर आपल्या मालमत्तेची यादी देण्याचं काहीच कारण नाही.

हनफी मतानुसार आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवरा किंवा बायको यांना आपली जकात देता येत नाही. सय्यद घराण्यालाही नाही. पण गरजू भाऊ, बहीण, मावशी, आत्या, चुलते यांना देता येते आणि नातं सांभाळल्याचं पुण्य वेगळं. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असं सांगायची गरज नाही. पैसे वेगळे काढताना किंवा देताना मनात नियत असली की पुरे. हातात देताना ईदी म्हटलं, मुलांना कपड्यासाठी म्हटलं, तरी जकात अदा होते. हे बटण दाबून होत नाही, म्हणून कॅल्क्युलेटर ते सांगत नाहीत.

आणि दुकानदाराने हे तक्त्याच्या मागे लिहूनच ठेवावं: गरीब गिऱ्हाइकाची उधारी वहीत कापली आणि ‘ही माझी जकात’ म्हटलं, तर जकात फिटत नाही, कारण त्याच्या हातात काहीच गेलं नाही. त्याला जकातीचे पैसे रोख द्या, ते त्याचे होऊ द्या. मग त्याने त्यातून उधारी चुकती केली तर घ्या. द्यायच्या आधी ‘लगेच परत देशील ना’ अशी अट मात्र घालू नका.